सोनौलीच्या फाटकापलीकडे आपला वाली कोण?

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याने निघाले की बारा-पंधरा किलोमीटरवर नांदगाव पेठ लागते. एमआयडीसी, औष्णिक वीज केंद्राची धुराडी आणि टोलनाका. हिवाळा लागला की या नाक्यावरून पंचशील ध्वज लावलेल्या ट्रॅव्हल्स जाताना दिसतात. समोरच्या काचेवर कापडी फलक : भव्य धम्मसहल. खाली स्थळांची नावे – बोधगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती, लुंबिनी. आत निवृत्त शिक्षक असतात, एसटीचे माजी वाहक असतात, अंगणवाडी सेविका असतात आणि कापूस वेचून वर्षभर दहा-वीस रुपये बाजूला ठेवणाऱ्या आमच्या मायबहिणी असतात. मागच्या डिकीत पिठाची पोती, गॅसची शेगडी, मोठे गंज. दिवस बारा किंवा पंधरा. फलकावरची पाचही नावे लोक एका श्वासात घेतात आणि बसमध्ये चढतात. त्यातले एक गाव भारतात नाही, हे बहुतेकांच्या ध्यानातही नसते.

नांदगाव पेठच्या एका विहारात कायद्याच्या शिबिरात आम्ही हे सांगितले तेव्हा एका वयस्क उपासिकेने आम्हाला थांबवले. "वकीलसाहेब, नेपाय काय फारेन हाय का जी? आमी तं आधार कार्ड दाखवून गेलो अन् वापस आलो." सभागृह हसले. आम्हाला हसू आले नाही, कारण आजींचा प्रश्न बरोबर होता. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे व्हिसा लागत नाही, फाटकावर कोणी फारसे विचारत नाही, पाटी देवनागरीत, रुपया चालतो, जेवायला डाळभात मिळतो. परदेशात आल्यासारखे वाटावे असे तिथे काही नाही. फरक कळतो तो संकटाच्या वेळी.

सोनौलीचे फाटक ओलांडून बस बेलहियात शिरली की एकेक गोष्ट गळून पडते. महाराष्ट्रात १०८ लावले की रुग्णवाहिका येते. तिथे तो क्रमांक लागत नाही. आपले ११२ तिथले नव्हे. आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलेले नसेल तर मोबाईल मुका होतो. सीमेच्या अगदी जवळ भारतीय टॉवर पकडतो, तेवढेच. आयुष्मान भारत कार्ड आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना भारतातील ठरलेल्या रुग्णालयांपुरत्या आहेत. ज्या पोलीस ठाण्यात आपण भांडून का होईना तक्रार लिहून घेतो, ते ठाणे, तो तहसीलदार, तो आमदार, ते न्यायालय सगळे अलीकडे राहते. पलीकडे उरतो तो फक्त एक भारतीय नागरिक आणि त्याच्या नावाने काठमांडूत उघडलेला दूतावास. लुंबिनीहून काठमांडू डोंगरातून रात्रभराचा प्रवास.

आता कोणी म्हणेल, मग जावेच कशाला? बौद्धांना तीर्थयात्रा हव्यातच कशाला, हाही वाद आपल्याकडे जुना आहे. त्यात आम्ही आज शिरत नाही. तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी जी चार ठिकाणे उपासकांनी पाहण्याजोगी म्हणून सांगितली, त्यांत जन्मस्थळ पहिले आहे. खुद्द बाबासाहेब धम्मदीक्षेनंतर अवघ्या महिन्याभरात नेपाळला गेले. जागतिक बौद्ध परिषदेसाठी नोव्हेंबर १९५६ मध्ये ते काठमांडूत होते आणि बुद्ध की कार्ल मार्क्स हे प्रसिद्ध भाषण त्यांनी तिथेच २० नोव्हेंबरला दिले. प्रकृती इतकी ढासळलेली होती की पुढे सोळाच दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या प्रवासात त्यांच्या सोबत माईसाहेब होत्या, आणि माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. आजच्या आमच्या धम्मसहलीत पन्नास प्रवासी असतात, त्यात निम्मे साठीच्या पुढचे, मधुमेहाचे, रक्तदाबाचे. स्वयंपाकी दोन असतात. डॉक्टर एकही नसतो. साधी प्रथमोपचाराची पेटीही अनेक बसमध्ये आम्हाला दिसली नाही.

२३ ऑगस्ट २०२४ ची घटना वाचकांच्या स्मरणात असेल. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव व भुसावळ परिसरातील यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूकडे जाताना तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. बस उत्तर प्रदेशात नोंदलेली होती. २७ माणसे गेली. पहिली मदत स्थानिक नेपाळी लोकांनी, तिथल्या पोलिसांनी आणि सैन्याने केली. जखमींना हेलिकॉप्टरने काठमांडूच्या त्रिभुवन विद्यापीठाच्या रुग्णालयात नेले. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, वायुसेनेच्या विमानाने २५ मृतदेह जळगाव विमानतळावर आणले. रावेरच्या खासदार आणि केंद्रीय राज्यमंत्री रक्षा खडसे स्वतः काठमांडूला गेल्या होत्या. ते यात्रेकरू देवदर्शनाला निघाले होते, आपले लोक लुंबिनीला निघतात. दरी कोणाचा धर्म विचारत नाही. त्यांच्या मदतीला सरकार धावले हे योग्यच झाले. तेच व्हायला हवे होते.

आमचा प्रश्न वेगळा आहे. सत्तावीस माणसे एकदम गेली म्हणून विमान आले. दूरदर्शनच्या सगळ्या वाहिन्यांवर बातमी होती म्हणून मंत्री गेल्या. एप्रिल २०१५ च्या भूकंपात असेच झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात तरुणांचे आंदोलन पेटून पंतप्रधान ओलींना राजीनामा द्यावा लागला, काठमांडूचे विमानतळ बंद झाले आणि महाराष्ट्राचे पर्यटक अडकले, तेव्हाही दूतावासाने मदतीचे क्रमांक जाहीर केले, मंत्रालयातून पाठपुरावा झाला. मोठ्या आपत्तीला यंत्रणा जागी होते. पण लुंबिनीच्या धर्मशाळेत पहाटे चार वाजता एकट्या माणसाच्या छातीत कळ आली तर? तिथे ना कॅमेरा असतो, ना मंत्री. आपल्या लोकांवर येणारे संकट बहुतांशी याच प्रकारचे असते.

असे एक प्रकरण आम्हाला ठाऊक आहे. कुटुंबाच्या इच्छेमुळे गाव आणि नाव सांगत नाही. नगर परिषदेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ पत्नीसह सहलीला गेले. जानेवारीचा महिना, तराईतले दाट धुके, हाड गोठवणारी थंडी. लुंबिनीत मुक्कामी पहाटे त्यांनी प्राण सोडला. सहल नेणाऱ्याने बसमध्ये काय सांगितले? "इथे पोलीस आले तर चार दिवस सगळे अडकतील. चीरफाड करतील. तोंडावर शाल घ्या, सीटवर बसवा, दोन तासांत आपण आपल्या देशात." घाबरलेल्या पन्नास माणसांनी माना डोलावल्या. एका माणसाचे प्रेत जिवंत प्रवाशासारखे बसवून सीमा ओलांडली गेली. उत्तर प्रदेशात नदीकाठी अंत्यसंस्कार झाले. अस्थी घेऊन बस पुढच्या स्थळाकडे निघाली, कारण पुढचे मुक्काम आधीच ठरलेले होते.

त्या माउलीचे हाल इथून पुढे सुरू झाले. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नगर परिषदेने मृत्यूचा दाखला मागितला. ग्रामपंचायत म्हणाली, मृत्यू इथे झाला नाही, नोंद आम्ही कशी घेऊ? आणि ग्रामपंचायत कायद्याने बरोबर होती. मृत्यू जिथे घडतो तिथेच त्याची नोंद होते. उत्तर प्रदेशातील कार्यालयाने विचारले, कुठल्या रुग्णालयात? कोणता डॉक्टर? नेपाळात तर तो माणूस मेल्याची कुठे चिठ्ठीही नव्हती. कागदोपत्री पाहता तो अजून बसमध्ये शाल पांघरून बसलेलाच आहे. खोटे ठिकाण सांगून नोंद करून घ्या असा सल्ला देणारे दलालही भेटले. तो स्वतंत्र गुन्हा आहे. विम्याचे पैसे अडले, बँकेतील ठेव अडली, पेन्शन अडले. चार दिवस अडकू नये म्हणून वाचवलेल्या वेळेची किंमत एका विधवेने वर्षानुवर्षे मोजली. त्या बाईचा यात काडीचाही दोष नाही. दोष त्याचा, ज्याने माणशी पैसे घेतले आणि परदेशात माणूस मेला तर काय करायचे याची पाच मिनिटेही माहिती घेतली नाही.

काय करायला हवे होते ते सांगतो, म्हणजे पुढच्या बसला कामी येईल. माणूस अत्यवस्थ झाला की लोकांची पहिली ओढ "आपल्या देशात नेऊ" अशी असते. लुंबिनीहून सोनौली पंचवीस-सत्तावीस किलोमीटर आणि तिथून गोरखपूर आणखी जवळपास शंभर. वाटेत फाटकावरची ट्रकांची रांग वेगळीच. हृदयविकाराच्या रुग्णाला एवढा वेळ नसतो. जवळचे मोठे गाव भैरहवा. तिथे सरकारी भीम अस्पताल आहे, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. (भीम हे नाव पाहून आपल्या लोकांचे डोळे चमकतात, पण ते बाबासाहेबांवरून ठेवलेले नाही.) आधी तिथे न्यावे, जीव स्थिर झाला की मग गोरखपूरचा विचार करावा. नेपाळात रुग्णवाहिकेसाठी १०२, पोलिसांसाठी १०० आणि पर्यटक पोलिसांसाठी ११४४. स्वतःचा फोन चालत नसेल तर धर्मशाळेच्या माणसाचा, दुकानदाराचा फोन मागावा. नेपाळी माणूस नाही म्हणत नाही, हा आमचा अनुभव आहे.

सुदैवाने पाट्या आपल्याला वाचता येतात. आकस्मिक कक्ष म्हणजे आपला अपघात विभाग, प्रहरी म्हणजे पोलीस, भन्सार म्हणजे जकात नाका, राजदूतावास म्हणजे दूतावास. एका शब्दाशी मात्र सावध राहावे. तिथले पोलीस मुचुल्का करायचा म्हणाले की आपला माणूस हादरतो, कारण आपल्याकडे मुचलका म्हटले की जातमुचलका, जामीन, कोर्ट. तिथे मुचुल्का म्हणजे पंचनामा. प्रेताची पाहणी केल्याचा तो कागद आहे. तो होऊ द्यावा आणि त्याची प्रत मागून घ्यावी.

रुग्णालयात उपचार सुरू असताना मृत्यू झाला तर रुग्णालयाचा दाखला मिळतो. मुक्कामाच्या ठिकाणी अचानक झाला तर पोलीस, मुचुल्का आणि गरज पडल्यास शवपरीक्षण असा क्रम असतो. मग तिथल्या स्थानिक वडा कार्यालयात मृत्यूची नोंद, आणि पार्थिव भारतात नेण्यासाठी दूतावासाचे ना-हरकत पत्र. विमानाने न्यायचे असेल तर प्रेत रसायन भरून पेटीत बंद केल्याचा दाखलाही लागतो. यात एखाद-दुसरा दिवस जातो. बाकीची बस पुढे जाऊ शकते. दोन जबाबदार माणसे मागे थांबली की पुरे. आणि भारतातील नोंदीचे काय? जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ चे कलम २० नेमके याच प्रसंगासाठी आहे. परदेशात मेलेल्या भारतीय नागरिकाच्या मृत्यूची नोंद भारतीय वकिलातीत झाली की ती या अधिनियमाखालीच झाली असे कायदा मानतो. काठमांडूत एक अर्ज केला असता तर त्या माउलीची सगळी दारे उघडली असती. पण हे कलम सहल काढणाऱ्यांना सांगणार कोण? आमच्या वकील बांधवांनीही ते फारसे वाचलेले नसते, कारण त्यात फी नाही.

आता दूतावास. दूतावास म्हणजे मोठ्या लोकांच्या मेजवान्यांची जागा असा आपला समज आहे. तो काढून टाकला पाहिजे. १९६३ च्या व्हिएन्ना करारात वाणिज्य दूतावासाची जी कामे सांगितली आहेत, त्यात आपल्या देशाच्या नागरिकांना मदत करणे हे स्पष्ट लिहिलेले आहे. त्याच कराराचे कलम ३६ सांगते की परदेशात अटक झालेल्याला आपल्या वकिलातीशी संपर्काचा हक्क आहे. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात याच कलमाचा भंग केल्याबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानला दोषी धरले. तेव्हा हे कलम नुसते शोभेचे नाही. नेपाळात अपघातात कोणी दगावले की चालक ताब्यात जातो आणि गाडी ठाण्यात उभी राहते. अशा वेळी चालकासाठीही हेच कलम आहे आणि रस्त्यावर उभ्या राहिलेल्या पन्नास प्रवाशांसाठी तोच दूतावास आहे.

पैशाचे काय? परदेशातील प्रत्येक भारतीय दूतावासात भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. तो २००९ मध्ये सुरू झाला, आणि त्याचे सुधारित नियम १ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाले. संकटात सापडलेल्या भारतीयाच्या निवास-भोजनाचा, तातडीच्या उपचाराचा, परतीच्या तिकिटाचा, प्राथमिक कायदेशीर मदतीचा आणि पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च त्यातून करता येतो. अट एकच, माणूस खरोखर गरजू असला पाहिजे. सांगा, कापूस वेचणाऱ्या बाईपेक्षा गरजू कोण? आणि हा निधी कोणाच्या खिशातला नाही. वकिलातीच्या कामांवर नागरिकांकडून जे शुल्क घेतले जाते, त्यातल्या छोट्याशा आकारणीतून तो भरतो. म्हणजे आखातात राबणाऱ्या, पासपोर्ट नूतनीकरणाला रांगेत उभ्या राहणाऱ्या कष्टकऱ्यांच्या पैशाचा तो निधी आहे. तो मागताना मान खाली घालायचे कारण नाही. मात्र तोंडी मागितलेले विसरले जाते. अर्ज लेखी द्यावा, त्यावर पोच घ्यावी. घरच्यांनी इकडे परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. ते फेब्रुवारी २०१५ पासून चालू आहे आणि तक्रारीला क्रमांक मिळतो. गावातल्या सेतू केंद्रातूनही ते होते. त्याच वेळी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवावे. दूतावासाला अमरावतीच्या जिल्हाधिकाऱ्यांचा निरोप गेला की फाइल वेगळ्या गतीने हलते, हे वेगळे सांगायला नको.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बसच्या विम्याची. याबद्दल कोणीच विचारत नाही. भारतातील मोटार विमा पॉलिसीचे भौगोलिक क्षेत्र साधारणपणे भारत एवढेच असते. पॉलिसीवर तसे छापलेले असते, पण बारीक अक्षरात. बस नेपाळात न्यायची तर ते क्षेत्र वाढवून घ्यावे लागते. २००२ च्या मोटर टॅरिफमध्ये त्यासाठी स्वतंत्र जोडपत्र आहे, क्रमांक एकचे. बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव यांपैकी ज्या देशात जायचे तो देश त्यात लिहून मिळतो. त्या टॅरिफमध्ये पॅकेज पॉलिसीवर यासाठी जादा हप्ता ५०० रुपये ठेवलेला होता. पाचशे रुपये! पन्नास प्रवाशांत वाटले तर माणशी दहा. एका कटिंग चहाचे पैसे. आणि हे जोडपत्र नसेल, बस दरीत गेली, वारस अमरावतीच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे आले, तर विमा कंपनीच्या वकिलाचा पहिला मुद्दा हाच येणार की अपघात पॉलिसीच्या क्षेत्राबाहेर घडला. मग दावा उरतो बसमालकाविरुद्ध. बसमालकाची बस तर नदीत गेलेली असते आणि तिच्यावर फायनान्स कंपनीचे कर्ज असते. वारसांच्या हातात निकाल येईल, पैसे येणार नाहीत.

म्हणून बुकिंगच्या वेळी बसमालकाला पॉलिसीची प्रत मागा आणि त्यावर नेपाळ हा शब्द कुठे आहे तो बोट ठेवून दाखवायला सांगा. बस बदलून गोरखपूरहून दुसरी घेणार असतील तर त्या बसची मागा. दाखवता येत नसेल तर ती बस नको. यात संकोच कसला? लग्नाच्या वरातीची गाडी ठरवताना आपण स्टेपनी बघतो.

दुसरी गोष्ट पावतीची. बहुतेक सहली "समाजाचे काम" म्हणून निघतात आणि पैसे वहीत लिहून घेतले जातात. समाजाच्या नावावर धंदा करणारे आमच्यात कमी नाहीत, हे कडू असले तरी लिहिले पाहिजे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे सहल नेणारा नागपूरचा असो की गोरखपूरचा, नांदगाव पेठच्या माणसाला अमरावतीतच दाद मागता येते. पण तुम्ही पैसे देऊन सेवा घेतली हे दाखवायचे कशाने? वहीतल्या नावाने? पावती घ्या, आणि तिच्यावर मुक्कामांची नावे आणि तारखा लिहून घ्या. विहार समिती स्वतः सहल नेत असेल तर तिने हे सर्व अधिकच काटेकोर करावे, कारण लोक तिच्या शब्दावर घर सोडतात.

आमच्या मते विहार समितीने निघण्यापूर्वी एक संध्याकाळ यासाठी काढावी. प्रत्येक प्रवाशाचे नाव, वय, रक्तगट, चालू असलेली औषधे आणि घरच्या दोन माणसांचे क्रमांक एका कागदावर लिहावेत. एक प्रत बसमध्ये, एक विहारात. औषधे पंधरा दिवसांची, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. ओळखीसाठी प्रौढांनी मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात न्यावे. आधार कार्ड चालते असा जो समज आहे तो अर्धाच खरा. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने आधारला स्पष्ट मान्यता दिली ती १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील प्रवाशांसाठी. फाटकावरचा शिपाई सोडून देतो ही गोष्ट वेगळी, दूतावासात ओळख पटवणे वेगळे. ज्याला परवडेल त्याने दीड हजार भरून पासपोर्ट काढावा. नेपाळला तो सक्तीचा नाही, पण बेशुद्ध माणसाच्या खिशातला पासपोर्ट त्याच्या वतीने बोलतो. बेलहियात उतरल्यावर सहलीच्या प्रमुखाने एक नेपाळी सिमकार्ड घ्यावे आणि तो क्रमांक लगेच विहारात कळवावा. जवळ शंभराच्या नोटा ठेवाव्यात. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभरावरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली तेव्हा आपल्या कित्येक बसगाड्यांची त्रेधा उडाली होती. हे नियम बदलत राहतात, शंभराची नोट अडत नाही. आपला रुपया तिथे १ रुपया ६० पैसे होतो, हेही म्हाताऱ्या माणसांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर दुकानात भांडणे होतात. प्रवास विमाही विचारावा. विमा एजंट आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत; ते आयुर्विमा गळ्यात मारतात, पंधरा दिवसांच्या प्रवासाचा विमा सांगत नाहीत, कारण त्यात त्यांना कमिशन दिसत नाही.

हे झाले आपले काम. आता सरकारचे.

ईसीआर शिक्का असलेल्या पासपोर्टवर आखातात कामाला जाणाऱ्या मजुराला दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे. म्हणजे गरीब माणूस परदेशात गेला तर त्याला संरक्षण लागते हे सरकारला कळते. मग तोच गरीब माणूस धम्मयात्रेला गेला की ते कसे विसरते? महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली, माणशी ३० हजारांपर्यंत खर्चाची तरतूद केली. योजना देशातल्या स्थळांची आहे. देशाबाहेर असलेल्या एकमेव मूळ बौद्ध स्थळाच्या यात्रेकरूंना किमान विम्याचे कवच तरी द्या, एवढीही मागणी कोणी अद्याप विधानसभेत लावून धरल्याचे आमच्या वाचनात नाही. आपल्या मतांवर निवडून आलेले मौन पाळून आहेत.

केंद्राकडे मागणी आणखी साधी आहे. नेपाळात भारताचा दूतावास काठमांडूत आहे आणि महावाणिज्य दूतावास बीरगंजला. गोरखा माजी सैनिकांच्या पेन्शनसाठी पोखरा व धरानला भारताची कार्यालये आहेत, हे फार चांगले आहे. पण ज्या सीमेवरून भारतातले बौद्ध यात्रेकरू सर्वाधिक जातात त्या भैरहवा-लुंबिनीत त्यांच्या अडीअडचणीसाठी एक टेबल-खुर्ची टाकून बसलेला अधिकारी का नसावा? १६ मे २०२२ रोजी, बुद्धपौर्णिमेला, पंतप्रधान लुंबिनीला गेले होते. भारताच्या वतीने बौद्ध संस्कृती केंद्राची पायाभरणी त्यांनी तिथे केली. पायाभरणीसाठी जागा मिळते, मग मदत कक्षासाठी का मिळू नये? ऑक्टोबर ते मे या हंगामात एक हिंदी-मराठी जाणणारा कर्मचारी, एक दूरध्वनी आणि स्थानिक रुग्णालयांशी झालेला करार, एवढ्यावर काम भागते. आणि सोनौलीच्या भारतीय बाजूला, फाटकाच्या अलीकडे, मराठीसह चार-पाच भाषांत एक मोठा फलक लावावा : पुढे परदेश आहे, तुमचा १०८ इथे संपतो, पुढचे क्रमांक हे. याला कोट्यवधींची तरतूद लागत नाही.

या मागण्यांच्या निवेदनाचा मसुदा आम्ही तयार केला आहे. एक प्रत अमरावतीच्या जिल्हाधिकाऱ्यांमार्फत परराष्ट्र मंत्रालयाला, दुसरी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाला जाईल. सोबत पॉलिसी तपासणी आणि प्रवाशांच्या नोंदीचा एक पानी नमुना जोडला आहे, तो कोणालाही वापरता येईल. नांदगाव पेठ, बडनेरा आणि वलगाव परिसरातील ज्या विहार समित्या या हंगामात बस काढणार आहेत, त्यांनी आपल्या सभेचा ठराव करून त्याची प्रत निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी आमच्याकडे द्यावी. काठमांडूच्या दूतावासाचा चालू असलेला आपत्कालीन क्रमांक आदल्या दिवशी पुन्हा तपासून प्रत्येक बसला लेखी दिला जाईल.